ॲप काढलं आणि सासूबाईंच्या संघात शिरले: ग्राहक पंचायतीच्या वाणसामानाचा सहा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, हा रिव्ह्यू जरा विचित्र आहे, कारण ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला दुकान नाही, काउंटर नाही, सेल्समन नाही. मुंबई ग्राहक पंचायतीचं महिन्याचं वितरण. ज्यांच्या आया नाहीतर सासवा यात आहेत त्यांना एवढ्यावरच कळलं असेल आणि त्यांनी डोळेही फिरवले असतील, मी पण फिरवायचे. बाकीच्यांसाठी पुढे नीट सांगते, पण मी तिथे पोचले कशी ते आधी, कारण त्याशिवाय मी याला एवढे मार्क का देतेय ते समजणार नाही.

आम्ही मुलुंड ईस्टला, जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही चौथ्यावर. त्यामुळे दहा मिनिटांत सामान दारात हा प्रकार सुरू झाला तेव्हा मी त्या ॲपच्या प्रेमातच पडले होते (कुठलं ते नाही सांगत, सगळे एका माळेचे मणी). भांडुप गेलं की लोकलमध्ये उभ्या उभ्या ऑर्डर टाकायची, मी घरी पोचेपर्यंत पिशवी दाराच्या कडीला. रात्री साडेनऊला कोथिंबीर मागवलीय मी. एकदा तर नुसतं एक लिंबू मागवलं, सोबत मिनिमम भरायला म्हणून दोन चॉकलेटं आणि एक फेसवॉश, म्हणजे लिंबू किती रुपयांना पडलं ते विचारू नका.

मग हळूहळू बिलाच्या तळाशी भाडेकरू राहायला आले. आधी हँडलिंग चार्ज आला, तो काय चार-पाच रुपये, कोण बघतंय. मग कार्ट छोटं आहे म्हणून फी, मग पाऊस पडतोय म्हणून फी, अहो मुंबईत चार महिने पाऊसच पडतो. मी बँकेत आहे, दिवसभर लोकांना चार्जेस समजावून सांगते, त्यामुळे दुसऱ्याचे चार्जेस पटकन दिसायला हवे होते, पण नाही दिसले. गणपतीच्या आसपास दोन महिने डायरीत लिहून काढलं आणि नुसत्या या फियांचे ७३८ रुपये झाले. सामानाचे नाही, फियांचे.

मेंबरशिपचं तर विचारूच नका. पहिला महिना फुकट म्हणून घेतली आणि मग ती आपोआप चालूच राहिली, बंद करायला गेले तर बंद करायचं बटण फिकट राखाडी आणि ठेवायचं बटण हिरवंगार, वर प्रश्न, "तुम्हाला खरंच बचत नकोय?" जणू मी घरच्यांच्या तोंडचा घास काढतेय. याला सरकारी भाषेत डार्क पॅटर्न म्हणतात आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्याविरुद्ध मार्गदर्शक नियमच काढलेत, त्यात १३ प्रकार दिलेत. खोटी घाई, नकळत कार्टात वस्तू घुसवणं, शेवटी शेवटी किंमत वाढवत नेणं, मेंबरशिपच्या सापळ्यात अडकवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं वगैरे. वाचताना मला ओळखीचे पाहुणे भेटल्यासारखं वाटत होतं, त्यातले निम्मे माझ्या घरी मुक्कामाला होते. २०२५ च्या जूनमध्ये त्याच प्राधिकरणाने कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत स्वतःच स्वतःची तपासणी करा. स्वतःच स्वतःची! आमच्या लेकीला तिचा पेपर तिलाच तपासायला दिला तर तीही शंभर मार्क घेईल.

तर शेवटची काडी तूरडाळीची. पाकीट फोडलं तर आत जाळं धरलेलं, किडे फिरतायत. फोटो काढला, चॅटवर टाकला. तिकडून तो मशिनी गोडवा सुरू झाला, तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, आणि मग म्हणे आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, माल विक्रेत्याचा आहे. विक्रेता कोण? बिलावर कुठल्यातरी प्रायव्हेट लिमिटेडचं नाव जे मी जन्मात ऐकलं नव्हतं. ही प्लॅटफॉर्मची पळवाट म्हणजे जुनी गोष्ट आहे बरं का. २०२२ मध्ये प्राधिकरणाने बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, मानकात न बसणारे प्रेशर कुकर विकू दिले म्हणून अमेझॉनला एक लाख दंड लावला होता, २,२६५ कुकर विकले गेले होते, आणि ऑर्डरमध्ये स्पष्ट म्हटलं होतं की विक्रीतून कमिशन खाता तर जबाबदारीतून अंग काढता येणार नाही. फ्लिपकार्टलाही तसाच दंड झाला, ५९८ कुकरचा. पुढे कोर्टकचेरी झाली ती वेगळी, आणि एक लाख म्हणजे त्यांच्यासाठी चहापाण्याचे पैसे, पण मुद्दा तोच की "आम्ही नुसते मध्ये उभे आहोत" हे ऐकून आपण गप्प बसायचं कारण नाही.

मी १९१५ ला फोन केला. नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन. लागतो फोन, मराठीतही बोलता येतं, मला आश्चर्यच वाटलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. मला ११ दिवसांनी पैसे मिळाले. मिळाले ते ठीकच, पण त्या ११ दिवसांत मी किती वेळा फोन हातात घेतला, किती स्क्रीनशॉट काढले, हे सगळं १८९ रुपयांच्या डाळीसाठी, आणि मधल्या काळात त्याच ॲपवरून दूध मागवतच होते. म्हणजे भांडण पण तिथेच आणि दूध पण तिथूनच. मला माझीच लाज वाटली.

सासूबाई शांतपणे भाजी निवडत बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "अगं, आमच्या डाळीत किडे निघाले तर मी कोणाला सांगायचं ते मला माहितीये."

आता त्यांच्या संघाबद्दल.

ग्राहक पंचायतीत एकटं सामान मागवायचं नसतं. शेजारपाजारची दहा-बारा घरं मिळून एक संघ करतात. महिन्याला मागणीपत्रक भरायचं, तूरडाळ किती, पोहे किती, साबण किती, सगळ्या घरांची बेरीज करून एक मागणी वर जाते, आणि ठरलेल्या दिवशी टेम्पो येतो आणि सगळ्या संघाचं सामान एका घरी उतरवतो. तिथून पुढे आपलं आपण वाटून घ्यायचं. पैसे संघाचे एकत्र. मध्ये दुकानदार नाही, जाहिरात नाही, संस्था थेट उत्पादकांकडून आणि घाऊक बाजारातून घाऊकीत घेते आणि नमुने बघून माल ठरवते, आणि हे करणारे बहुतेक कार्यकर्ते, त्यातही बायका जास्त, बिनपगारी. मुख्य कचेरी विलेपार्ल्याला कूपर हॉस्पिटलच्या मागे, ग्राहक भवन. त्यांचं मासिक पण आहे, त्याचं नाव "ग्राहक तितुका मेळवावा", समर्थांना काय वाटलं असतं माहीत नाही पण मला नाव जाम आवडतं.

ही मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली १९७५ च्या गुढीपाडव्याला. ग्राहकाचा कायदा आला १९८६ ला, म्हणजे कायद्याच्या अकरा वर्षं आधी. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्येच पुण्यात ग्राहक पंचायत काढली होती, आणि मुंबईच्या कामात त्यांच्याबरोबर सुधीर फडके होते, हो, तेच बाबूजी. दोघं त्याआधी १९५४ च्या दादरा नगर हवेलीच्या लढ्यात पण होते, त्यामुळे पोर्तुगीजांशी लढून झाल्यावर साखर-तेलाच्या साठेबाजांशी लढायला काही वाटलं नसेल. काळच तसा होता. आमच्या आजेसासूबाई मृणाल गोऱ्यांच्या महागाईविरुद्धच्या लाटणं मोर्चात गेलेल्या, हातात खरंखुरं लाटणं घेऊन, आणि ते लाटणं अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे, एका बाजूने जरा चेपलंय, सासूबाई म्हणतात मोर्चात चेपलं, मला वाटतं शेवयांचं पीठ मळताना. असो.

मी आले तेव्हा सासूबाईंचा संघ शेवटच्या घटका मोजत होता. एके काळी चौदा घरं होती. काही वारले, काही मुलाकडे पुण्याला गेले, आणि उरलेल्यांच्या सुना माझ्यासारख्या, ॲपवाल्या. सात उरली होती आणि वितरणाच्या दिवशी त्या सात म्हाताऱ्या पाच-पाच किलोच्या पिशव्या ओढत जिने चढायच्या. मी, तिसऱ्या मजल्यावरची माझ्याच वयाची एक आणि समोरच्या विंगेतलं एक नवीन लग्न झालेलं जोडपं असे आत आलो. सासूबाईंना तोंडावर काही बोलायची सवय नाही, पण त्या दिवशी चहाबरोबर माझ्यासाठी न मागता कांदाभजी आली.

वितरणाचा दिवस हाच खरा या सर्व्हिसचा भाग आहे म्हणून यावर जरा जास्त लिहिते. आमचं वाटप पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये होतं. सोफे भिंतीला, मध्ये चादर. प्रत्येक घराचा एक ढीग, ढिगावर नावाची चिठ्ठी. एक जण यादी वाचतो, "पोहे जाडे, अर्धा किलो, तीन नग, कुणाचे?" आणि दोघं-तिघं उचलून ढिगावर ठेवतात. अर्ध्या तासात हॉलला असा वास येतो, साबण, हिंग, उदबत्ती, गूळ सगळं एकत्र, तो वास मला लहानपणी रेशनच्या आणि वाण्याच्या दुकानात यायचा, मॉलमध्ये कधी आला नाही. मोजून शेवटी एक पाकीट जास्त नाहीतर कमी निघतंच आणि मग सगळ्यांची उलटतपासणी. पहिल्याच महिन्यात एक शेंगदाण्याचं पाकीट गायब झालं, वीस मिनिटं शोधलं, पत्रकं तपासली, शेवटी ते माझ्याच ढिगाखाली. त्या सगळ्या काकूंनी मला ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने कुठल्याच कस्टमर केअरने कधी पाहिलं नाही.

आणि याच हॉलमध्ये मला कळलं की तळमजल्यावरच्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी त्यांच्या दारावरून रोज जाते येते. कळलं ते वाटपाच्या दिवशी, कारण त्यांचा ढीग कोण वर नेणार हा प्रश्न आला. बरं, वर नाही, खाली.

आता माल. डाळी, कडधान्य चांगली, डाळ शिजते पटकन, हे सगळ्या घरांचं मत, माझं एकटीचं नाही. पोहे छान. मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू का, पर्याय कमी आहेत. ॲपवर तूरडाळ टाकलं की चाळीस तूरडाळी येतात, वरच्या तीन जाहिरातीच्या, खाली कंपनीची स्वतःची, आणि "फक्त २ शिल्लक" असं लाल अक्षरात. इथे पत्रकावर जे आहे ते आहे, लिहा किंवा लिहू नका. मी रात्री काय शोधलं, कुठल्या वस्तूवर किती वेळ थांबले हे इथे कुणी नोंदवून ठेवत नाही. नवऱ्याच्या फोनवर आणि माझ्या फोनवर एकाच तेलाचा भाव वेगळा दिसला होता एकदा, तसलं काही होणं शक्यच नाही, कागदावर छापलेला भाव दोघांना सारखाच दिसतो.

स्वस्त आहे का? प्रत्येक वस्तू धरून बसाल तर ऑफरच्या दिवशी ॲपवर तेलाचा डबा स्वस्त दिसेल, दिसतोच. पण आमचं महिन्याचं वाणसामान आधी नऊ हजारांच्या वर जायचं, आता पंचायतीचं साधारण सहा आणि कोपऱ्यावरच्या शेठकडचं हजार-अकराशे. फरक भावाचा कमी आणि माझ्या स्वभावाचा जास्त आहे. रात्री अकराला चिप्स मागवता येत नाहीत, एवढंच. त्या ॲपचा सगळा धंदा माझ्या विसराळूपणावर आणि हावरटपणावर चालला होता, हे मला बिलं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं.

शेठचं पण सांगायला हवं. कच्छी आहेत, वडिलांपासूनचं दुकान. मी पाव आणि बटाटे घ्यायला परत जायला लागले तर म्हणाले, "ताई, पाच वर्षांनी आलात." मी ओशाळले. मग त्यांनी सांगितलं की बिस्किटाच्या पुड्याला डिस्ट्रिब्युटर त्यांना जो भाव लावतो त्याच्याही खाली ॲपवर विकतात, तर ते विकणार कसे. मला वाटलं दुकानदाराची नेहमीची रड, पण हीच तक्रार घेऊन वितरकांची देशभरातली संघटना २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाकडे गेली होती, दहा मिनिटांवाल्या कंपन्या तोट्यात विकून छोट्यांना संपवतायत म्हणून. आणि अमेझॉन-फ्लिपकार्टवर ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप दिल्याच्या आरोपाची चौकशी त्याच आयोगाने २०२० च्या जानेवारीत लावली होती. या चौकश्या आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत चालतील. तोपर्यंत शेठचं दुकान टिकायला हवं. पंचायतीमुळे शेठचंही गिऱ्हाईक जातंच की, असं कोणी म्हणेल, आणि ते खरं आहे. मी सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तो आणि आम्ही पन्नास वर्षं एकाच गल्लीत आहोत, दोघं जगलो." याच्यावर मला काही सुचलं नाही.

आता कुणाला जमणार नाही ते स्पष्ट सांगते. एकटे राहणारे, दर अकरा महिन्यांनी घर बदलणारे, शेजाऱ्याचं नाव माहीत नसणारे, यांना अवघड आहे कारण इथे आधी संघ लागतो, सामान नंतर. दूध, भाजी, ब्रेड यासाठी हे नाहीच. घरात डबे लागतात, खरे मोठे डबे, मी माळ्यावरून सासूबाईंचे स्टीलचे काढले, त्यावर त्यांच्या लग्नातली नावं कोरलेली. आणि महिन्याभराचा अंदाज लागतो, हे सगळ्यात कठीण. पुढच्या महिन्यात आपण किती साबुदाणा खाणार हे मला कसं माहीत असणार, असं मी पहिल्यांदा म्हटलं तर सगळ्या काकू एकदम कॅलेंडर बघून बोलायला लागल्या, एकादश्या दोन, चतुर्थी एक, तुझ्या सासऱ्यांचा गुरुवार. महिन्याचं पंचांग आणि किराणा या बायकांच्या डोक्यात एकाच पानावर आहे.

डिलिव्हरीच्या मुलांवर माझा राग नाही हे मुद्दाम लिहिते. चार मजले पळत चढून येणारा पोरगा घामाने भिजलेला असायचा आणि मी त्याला पाणी विचारलं की घड्याळाकडे बघायचा. ते घड्याळ मला आवडायचं नाही, पोरगा नाही.

बाकी मी काही फार मोठा बहिष्कार वगैरे टाकलेला नाही. परदेशात २०२० पासून दर ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे तिकडच्या मोठ्या सेलच्या दिवशी, "मेक अमेझॉन पे" म्हणून निदर्शनं होतात, आपल्याकडेही झाली, चांगलं आहे, पण एक दिवस न घेणारी माणसं दुसऱ्या दिवशी घेतातच, मी माझ्यावरून सांगते. माझ्या फोनवरून ॲप गेलं. नवऱ्याच्या फोनमध्ये आहे. दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या आदल्या रात्री उटणं संपलेलं लक्षात आलं तेव्हा त्याने बाल्कनीत जाऊन गुपचूप मागवलं, आणि सासूबाईंनी दार उघडलं. त्या काहीच बोलल्या नाहीत, पिशवी त्याच्या हातात दिली, झालं. त्यानंतर वितरणाच्या दिवशी पिशव्या वर आणायचं काम कायमचं त्याच्याकडे गेलंय.

तर पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार माझ्या स्वतःच्या नावावर आहे, कारण होळीच्या महिन्यात मी पत्रकावर हरभराडाळ लिहायलाच विसरले. होळीला पुरणपोळी, घरात डाळ नाही, आणि शेठचं दुकान त्या दिवशी बंद. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी अर्धा किलो दिली, वर "आता तरी डायरीत लिही गं" हे फुकट. या महिन्याच्या पत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलीय, हरभराडाळ दीड किलो, त्यातली अर्धा किलो काकूंच्या ढिगावर जाणार आहे.